आधी पुस्तक की आधी ‘शायनिंग’?

तू विचारलंस म्हणून सांगतो, ‘द शायनिंग’चा आधी सिनेमा बघ, मग पुस्तक वाच. उलट केलंस तर दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकवर नुसता चिडत बसशील. खुद्द कादंबरीकार स्टीफन किंगही चिडलाच होता की! त्याच्या 1977च्या भयकादंबरीतला, हिवाळ्यात बंद हॉटेल सांभाळायला कुटुंबासह गेलेला बाप दारूशी झगडणारा, मुलावर जीव असलेला माणूस आहे, हळूहळू घसरत जाणारा. कुब्रिकच्या 1980च्या सिनेमात हाच बाप झालेला जॅक निकल्सन नोकरीच्या मुलाखतीपासूनच बिनसलेला वाटतो. किंगची ही तक्रार मला रास्त वाटते, तरी सिनेमा माझ्या अंगावर जास्त येतो.

का, ते मुलगा डॅनी हॉटेलात तीनचाकी फिरवतो त्या प्रसंगात कळेल. हेडफोन लावून बघ. लाकडी फरशीवर चाकांची घरघर, गालिच्यावर एकदम शांतता, परत घरघर. स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही न हलणारा कॅमेरा, जमिनीलगत त्याच्या मागे मागे. आणि तेव्हा समोर भूतही नसतं!

पुस्तकात झाडं कापून केलेले प्राणी हलतात, सिनेमात त्यांच्या जागी चक्रव्यूह आहे. पुस्तकातली झपाटलेली खोली 217 सिनेमात 237 झाली ती मात्र बाहेरच्या दृश्यांत दिसणाऱ्या खऱ्या हॉटेलच्या विनंतीवरून. त्यात गूढ अर्थ शोधणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, रात्र जाईल.

किंगच्या मनासारखी 1997ची मालिकाही आहे. प्रामाणिक आहे, पण मला मध्येच जांभया आल्या. आणि नारायण धारप वाचून वाढलेला असशील तर पुढचा नंबर ‘तुंबाड’ सिनेमाचा लाव.