वाचकांचे प्रश्न : स्क्रीनवर लख्ख, अल्बममध्ये काळपट

मागच्या महिन्यात कॅमेरा आणि लेन्सबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हणलं होतं, पण आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त लोकांचं रडगाणं एकच, की स्क्रीनवर एक रंग दिसतो आणि बाहेर भलताच. त्यामुळे लेन्स पुढच्या वेळी, या खेपेला मॉनिटर.

प्रश्न : पुतण्याच्या मुंजीचे फोटो मीच काढले, तीन रात्री जागून कॉम्प्युटरवर एडिट केले, स्क्रीनवर एकदम झकास दिसत होते. अल्बम छापून आला तर सगळं काळपट आणि बटूचं पांढरं उपरणं पिवळट. लॅबवाला म्हणतो फाइलच तशी आहे. कॅलिब्रेटर घेऊ का, घेतला तर कोणता? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : लॅबवाल्याशी भांडण अजून केलं नसेल तर करू नका. मी केलंय. भाचीच्या बारशाचे फोटो होते, प्रिंट अंधारल्यासारखे आले म्हणून तावातावाने दुकानात गेलो, पंधरा मिनिटं बोललो, त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, घरच्या स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवलाय?" मी म्हणलं, फुल. तो नुसता हसला. पैसे परत मागायचं मग राहूनच गेलं.

झालंय काय, की नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो शोरूममध्ये उठून दिसावा अशा सेटिंगवर, म्हणजे भगभगीत आणि जरा निळसर. साध्या मॉनिटरचा फुल ब्राइटनेस २५० ते ३५० निटच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) घरात जातो आणि फोटो एडिट करायला लागतात ८० ते १२० निट. आता तुम्ही रात्री खोलीत एक दिवा लावून असल्या स्क्रीनसमोर बसलात की फोटो जास्तच उजळ वाटतो, मग तुम्ही तो खाली ओढता, आणि पांढरं निळसर दिसतं म्हणून थोडा पिवळा घालता. स्क्रीनवर आता बरोबर दिसलं, पण फाइलमध्ये फोटो काळा आणि पिवळा झाला, आणि कागदाला तर स्वतःचा उजेड नसतो, तो फाइलमधलं जसंच्या तसं दाखवतो. स्क्रीन ज्या बाजूला चुकते त्याच्या बरोब्बर उलट बाजूला फोटो जातो, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोळ आपले आपल्यालाच कळतात.

त्यामुळे कॅलिब्रेटरचे पैसे खिशातच राहू द्या, आधी हे करून बघा. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, थंड असताना त्याचा रंग हलत असतो. मॉनिटरच्या बटणांतून मेनू उघडून डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको, ऑटो ब्राइटनेस, "व्हिव्हिड" की काय ते सगळं बंद करा. रंगाच्या सेटिंगमध्ये ६५०० असेल तर ते, किंवा एसआरजीबी मोड असेल तर तो निवडा. आता स्क्रीनवर एक कोरं पांढरं पान पूर्ण उघडा, दिवसा खिडकीच्या सावलीतल्या उजेडात (थेट उन्हात नको) लॅबचा कोरा फोटोपेपर स्क्रीनच्या शेजारी धरा आणि ब्राइटनेस कमी करत या. एक क्षण असा येतो की स्क्रीन दिव्यासारखी न वाटता कागदासारखी वाटायला लागते. तिथे थांबा. माझ्या मॉनिटरवर १०० चा आकडा २४ वर आला आणि पहिले दोन दिवस वाटलं काहीतरी बिघडलंय, तिसऱ्या दिवशी डोळ्यांना सवय झाली. हे खिडकीपाशी केलंत आणि काम मात्र रात्री मिणमिणत्या दिव्यात करता, असं करू नका, ज्या उजेडात एडिट करणार त्याच्या जवळपासच्या उजेडातच हे जुळवा.

मग काळ्याची तपासणी. गिंप (फोटो एडिट करायचं फुकटचं सॉफ्टवेअर) किंवा फोटोशॉपमध्ये काळ्या पानावर चार पट्टे काढा, आकडे ०, ५, १०, १५. पाच आणि दहा वेगळे ओळखू आले पाहिजेत, अगदी अंधुक का होईना. सगळं एकच काळं दिसत असेल तर तुमचे काळे केस, काळी बंडी, शेरवानी यातलं बारीक काम तुम्हाला दिसतच नाहीये. उलट काळंच राखाडी, धुतल्यासारखं दिसत असेल आणि मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडलेला असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट "लिमिटेड" आहे का बघा. त्यात कार्ड टीव्हीसारखं १६ ते २३५ एवढंच पाठवतं आणि मॉनिटर ० ते २५५ ची वाट बघत बसतो. "फुल" करा. या एका सेटिंगपायी नवा मॉनिटर परत करायला निघालेले लोक मी बघितलेत.

एवढं करून एक चार बाय सहाचा प्रिंट काढा, लॅबला "करेक्शन करू नका" असं स्पष्ट सांगून, कारण बऱ्याच लॅबमध्ये मशीन आपल्या मनाने फोटो सुधारतं आणि मग चूक कोणाची ते कळायला मार्गच राहात नाही. जुळला तर प्रश्न मिटला. ब्राइटनेस जुळला पण रंग अजून डावा-उजवा वाटतोय, तर मग कॅलिब्रेटर.

कॅलिब्रेटर म्हणजे स्क्रीनवर लटकवायचा एक छोटा सेन्सर. बाजारात मुख्य दोन घराणी, डेटाकलरचे स्पायडर आणि कॅलिब्राइट (एक्स-राइटचे फोटोवाले कॅलिब्रेटर २०२१ पासून या नावाने येतात). किंमत पाच आकडी असते, वर्षातून दोन अल्बम छापणाऱ्याने एकट्याने घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, चार मित्रांत मिळून एक घ्या, महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच लागतो. जुना घेताना जपून, फार जुन्या मॉडेलमधले फिल्टर काळानुसार फिके पडतात आणि तो सेन्सर तुम्हाला आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो. बरोबर येणारं सॉफ्टवेअर आवडलं नाही तर डिस्प्लेकॅल फुकट आहे, त्याच्या पोटात आर्जिल नावाचं दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर चालतं.

लक्ष्य तीनच आकड्यांचं : पांढरं डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्विन, गॅमा (काळ्या-पांढऱ्याच्या मधले रंग किती उजळ दिसावेत त्याचा आकडा) २.२, आणि ब्राइटनेस १०० निट. स्क्रीन किंचित मागे कलती करा म्हणजे सेन्सर सपाट टेकतो, त्याच्या वायरवरचं वजन मॉनिटरच्या पाठीमागे सोडा. सुरुवातीला लाल, हिरवा, निळा अशा तीन पट्ट्या दिसतात त्या मॉनिटरच्या बटणांनीच सारख्या करा, आणि करताना वाढवू नका, जो रंग जास्त आहे तो कमी करा. मग सॉफ्टवेअर रंगीत चौकोन एकामागून एक दाखवत बसतं, तेवढ्यात चहा करून या.

शेवटी जी फाइल तयार होते ती प्रोफाइल, आणि इथे लोक गोंधळतात. आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवतात ना, तर काटे फिरवून वेळ बरोबर लावणं म्हणजे कॅलिब्रेशन, आणि घड्याळाखाली "हे पाच मिनिटं पुढे आहे" अशी चिठ्ठी लावणं म्हणजे प्रोफाइल. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप ही मंडळी चिठ्ठी वाचतात. फोटो बघायची साधी-सुधी सॉफ्टवेअर बऱ्याचदा चिठ्ठीकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणून एकच फोटो दोन खिडक्यांत दोन रंगांचा दिसला तर घाबरू नका, चिठ्ठी वाचणाऱ्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : मी घरून पैठण्या विकते. फोटोत साडी जशी दिसते तशी नाही म्हणून दोन परत आल्या, दोन्ही मोरपंखी. माझ्या कॉम्प्युटरवर तर रंग बरोबर दिसतो. मॉनिटर कॅलिब्रेट केला तर हे थांबेल का? (एक वाचिका, सदाशिव पेठ)

उत्तर : ताई, खरं सांगायचं तर पूर्ण नाही थांबणार. तुमची स्क्रीन बरोबर झाली तरी गिऱ्हाईकाचा मोबाइल तुम्ही कसा कॅलिब्रेट करणार, एकीचा व्हिव्हिड मोडवर, दुसरीचा रात्री पिवळा. पण तुमच्याकडून जाणारी फाइल बरोबर असली की परत येणाऱ्या साड्या कमी होतील, आणि त्यासाठी मॉनिटरच्या आधी दिव्याकडे बघा.

लक्ष्मी रोडवर साडी घेताना आई साडी उचलून दुकानाच्या दारात उजेडात नेऊन बघायची, आठवतंय? दुकानदार कितीही म्हणू दे "वहिनी, हाच कलर आहे". तिला फिजिक्स माहीत नव्हतं पण ती बरोबर होती. एकच रेशीम ट्यूबखाली एक दिसतं आणि दिवसाच्या उजेडात दुसरं. स्वस्त एलईडीत तर गडद लाल रंग नीट उमटतच नाही, कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो. म्हणून एकतर खिडकीच्या सावलीच्या उजेडात फोटो काढा, खोलीतले दिवे बंद करून (दोन प्रकारचे उजेड एकत्र झाले की कोणीच सुधारू शकत नाही), किंवा तपकीर गल्लीत दिवे घ्यायला जाल तेव्हा खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर लिहिलंय का ते बघून घ्या. आणि पहिल्या फोटोत साडीवर एक ग्रे कार्ड (रंगाची झाक नसलेला राखाडी पुठ्ठा) ठेवा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कार्डावर टेकवायचा, बाकी सगळ्या फोटोंना तेच सेटिंग. भिंत पिस्ता रंगाची असेल तर मागे पांढरी चादर लावा, नाहीतर त्या पिस्त्याची झाक साडीवर येतेच.

आता मोरपंखीच का, तर त्यालाही कारण आहे. वेबवरचे फोटो ज्या एसआरजीबी नावाच्या रंगांच्या पेटीत बसवायचे असतात (एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलेली) ती पेटी हिरवट-निळ्या गडद रंगांच्या बाजूला तोकडी आहे. झळाळतं मोरपंखी किंवा चिंतामणी त्यात अख्खं मावत नाही, जवळचा फिका रंग दाखवला जातो. वांगी, डाळिंबी, आमसुली असल्या दबक्या रंगांना हा त्रास सहसा होत नाही. त्यामुळे मोरपंखी साडीखाली सरळ लिहा, "प्रत्यक्षात फोटोपेक्षा जास्त गडद आणि हिरव्याकडे झुकणारा", आणि दारातल्या उजेडातला एक छोटा व्हिडिओ पाठवा, पदर हलवून. रेशमाचा आडवा-उभा धागा दोन रंगांचा असेल तर ते कुठल्याच एका फोटोत येत नाही, व्हिडिओतच येतं.

प्रश्न : नवा महागातला वाइड गॅमट मॉनिटर घेतला, तर सगळ्यांचे चेहरे रंगपंचमी खेळून आल्यासारखे लालेलाल. खराब पीस आला का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पीस चांगला आहे, गरजेपेक्षा जास्तच चांगला आहे. वाइड गॅमट म्हणजे रंगांची पेटीच मोठी, त्यामुळे त्याचा लाल-हिरवा साध्या मॉनिटरपेक्षा गडद, आणि जे सॉफ्टवेअर वर म्हणलं तसं चिठ्ठी वाचत नाही ते एसआरजीबीचे आकडे सरळ त्या गडद रंगांत ओतून टाकतं. रोजच्या कामाला मॉनिटरचा एसआरजीबी मोड लावून ठेवा, काही मॉडेलमध्ये त्या मोडात ब्राइटनेस हलवता येत नाही, त्याचा राग येईल, माझाही येतो. एडिटिंगपुरता मूळ मोड आणि त्याची प्रोफाइल वापरा आणि बाहेर पाठवायची फाइल मात्र एसआरजीबीतच काढा. अॅडोबी आरजीबी या एसआरजीबीहून मोठ्या पेटीत काढलेला फोटो प्रोफाइल न वाचणाऱ्या ठिकाणी गेला की फिका आणि मेलेला दिसतो, हे याच्या उलटं दुखणं.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" लिहिलंय. कॅलिब्रेट केला तर फोटोचं काम होईल का? (एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : एनटीएससी ही जुन्या टीव्हीच्या काळातली रंगांची पेटी, ७२ टक्के एनटीएससी म्हणजे आकाराने साधारण पूर्ण एसआरजीबी, त्या हिशोबाने तुझ्याकडे साठ-पासष्ट टक्केच रंग आहेत. कॅलिब्रेशनने असलेले रंग जागेवर येतील, नसलेले येणार नाहीत, पाच रंगांच्या पेटीतून बारा खडू काढता येत नाहीत रे. क्रॉपिंग, निवड, ब्राइटनेस एवढं खुशाल कर, रंगाचा शेवटचा हात मात्र बाहेरच्या साध्या आयपीएस मॉनिटरवर (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा पडद्याचा प्रकार) फिरव, तो फार महाग नसतो. आणि लॅपटॉपची स्क्रीन मागे-पुढे केल्यावर फोटोचा उजेडच बदलत असेल तर त्यावर कॅलिब्रेटरचे पैसे अजिबात घालू नकोस.

प्रश्न : विंडोजमध्येच कॅलिब्रेशन आहे, ते डोळ्याने केलं तर चालत नाही का? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : गॅमा आणि ब्राइटनेसपुरतं चालतं. रंगासाठी नाही, कारण डोळा लबाड आहे, पाच मिनिटं निळसर पांढऱ्याकडे बघितलं की तेच पांढरं म्हणून मान्य करतो. आणि करायचंच असेल तर भगवा झब्बा घालून बसू नका, त्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं. थट्टा नाही, मी अर्धा तास स्क्रीनवरचा नारिंगी डाग पुसत होतो.

प्रश्न : रोज रात्री दहा वाजले की सगळे फोटो आपोआप पिवळे होतात. व्हायरस आहे का? (एक वाचिका, औंध)

उत्तर : नाइट लाइट चालू आहे, म्हणजे रात्री स्क्रीन आपोआप पिवळी करायची सोय, वेळ लावून ठेवलेली असणार, सेटिंगमधून बंद करा. आणि दहानंतर एडिट केलेले फोटो तेवढे सकाळी परत उघडून बघा, निळसर निघतील.