आईचा हात धरून नुसतं बसलं तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील गेल्यापासून आई गप्प असते, तिच्याशी काय बोलावं सुचत नाही, घरात जवळ घ्यायची कुणाला सवय नाही, तर नुसता हात धरून बसलं तर तिला खरंच बरं वाटेल की ते आपलं स्वतःच्या मनाचं समाधान. पडतो फरक. मी डॉक्टर नाही, पण बाबांच्या आजारपणात दोन वर्षं रोज हे बघितलंय, आणि नंतर असं का होतं ते शोधून शोधून वाचलंय, म्हणून लिहिते.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दिवसभर त्यांच्या अंगाला कुणाचा ना कुणाचा हात लागलेलाच असायचा, स्पंजिंग, डायपर, कूस बदलणं, बीपी, फिजिओचे व्यायाम, आणि तरी ते डाव्या हाताने पलंगाची रेलिंग घट्ट धरून ठेवायचे, बोटं पांढरी पडेपर्यंत. एका रात्री चादर बदलून मी इतकी दमले होते की तिथेच पलंगावर बसले, त्यांच्या हातावर माझा हात तसाच राहिला, काही करायचं म्हणून ठेवला नव्हता, आणि डुलकी लागता लागता नकळत मी तो हळूहळू फिरवत होते बहुतेक. थोड्या वेळाने बघते तर रेलिंग सुटलेली. श्वास पण संथ झालेला. मी हात काढला की परत रेलिंग! तेव्हा लक्षात आलं की इतके दिवस आम्ही सगळे त्यांना फक्त कामापुरता हात लावत होतो, मी सुद्धा.

नंतर वाचलं तेव्हा याचं कारण कळलं. आपल्या त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात, काय लागलं, खडबडीत की गुळगुळीत, हे सांगणारे वेगळे आणि हे वेगळे. हे अगदी संथ असतात, निरोप सेकंदाला साधारण एक मीटर एवढ्याच वेगाने जातो, आणि मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात पोचतो, जिथे आपल्याला आतून कसं वाटतंय याची जाणीव होते. आणि ते सगळ्यात जास्त जागे होतात ते सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर इतक्या हळू फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार स्पर्शाने. म्हणजे आई झोपवताना पाठीवरून हात फिरवते ना, तोच वेग. हातावर, पाठीवर असे तंतू भरपूर, तळहातावर फार कमी. आता विचार करा, कामाचा हात नेहमी घाईत असतो, पुसलं, उचललं, झालं, त्याला हे तंतू फारशी दादच देत नाहीत.

म्हणून रडणाऱ्या माणसाला आपण खांद्यावर पटपट थोपटतो आणि 'होईल सगळं ठीक' म्हणतो ते मला अजिबात आवडत नाही. त्या थोपटण्यातून 'आता पुरे, रडू नकोस' एवढंच पोचतं. हात ठेवायचा असेल तर ठेवा आणि राहू द्या.

हातात हात घेण्याबद्दल 2006 मधला जेम्स कोअन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आहे, 16 विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून आता घोट्याला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगायचं, आणि त्या वेळी त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, अनोळखी माणसाचा की कुणाचाच नाही, याप्रमाणे मेंदूत काय होतं ते बघायचं. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला, पण नवऱ्याच्या हाताने मेंदूची धोक्याची धावपळ सगळ्यात कमी झाली, आणि ज्यांचं नातं जास्त चांगलं त्यांच्यात अजून कमी. झटक्याची भीती तीच होती, फक्त ती एकटीने झेलायची नव्हती. तुमच्या आईचं दुःख तुम्ही कमी करू शकणार नाही, पण हे एवढं नक्की करू शकता.

पण एक गोष्ट मनापासून सांगते, जबरदस्ती नको. प्रत्येकाला स्पर्श बरा वाटेलच असं नाही, कुणाच्या आयुष्यात नको तो स्पर्श होऊन गेलेला असतो, कुणाला हलका स्पर्श टोचतो, कुणाला दुःखात कुणीच जवळ नको असतं. आईच्या हातावर हात ठेवल्यावर ती आखडली, तिने हात काढून घेतला तर वाईट वाटून घेऊ नका, तिथेच शेजारी बसून राहा. आणि जेवण तुटलंय, झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलते, असं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्याच, हात धरणं हा त्याला पर्याय नाही.

अजून एक, तुम्ही पूर्ण प्रश्न आईबद्दल विचारलाय, पण वडील तुमचेही गेलेत हो. आईचा हात धरून बसाल तेव्हा तुमचाही हात कुणीतरी धरलेला असेल. आणि जवळ कुणी नसेल त्या वेळी एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून शांत बसा, 20 सेकंद पण चालेल, 2021 मधल्या एका अभ्यासात असं केलेल्या लोकांच्या शरीरात ताणाच्या प्रसंगानंतर कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, कमी आढळलं होतं. मला खोटं वाटलं होतं, पण करून बघितलं, श्वास खरंच खाली बसतो.

सवय नाही म्हणता तर एकदम मिठी मारायला जाऊ नका, दोघंही अवघडून जाल. तिला विचारा, केस विंचरून देऊ का? हातात कंगवा असला की ते काम वाटतं, त्यामुळे लाज वाटत नाही, आणि हात मात्र आपोआप संथ चालतो. शिवाय ती पाठमोरी बसलेली असते, तोंडाकडे कुणी बघत नाही, त्यामुळे रडायचं असलं तर रडता येतं आणि बोलायचं असलं तर बोलता येतं. पहिले काही दिवस काहीच बोलणार नाही कदाचित. तुम्ही विंचरत राहा, गुंता नसला तरी.