एम.ए. इंग्रजी केल्याशिवाय इंग्रजी चांगलं शिकवता येत नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही विट्यात घरीच स्पोकन इंग्लिशचा क्लास घेता, शिक्षण बी.कॉम., इंग्रजी अस्खलित बोलता येतं, मुलंही टिकून आहेत. पण नातेवाईक आणि काही पालक म्हणतात, "एम.ए. इंग्लिश कर, मग तू खरी टीचर." विद्यापीठाच्या पदवीनं भाषेचा शिक्षक खरंच सुधारतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. शिवाजी विद्यापीठाची एम.ए. आणि बी.एड. माझ्याकडे आहे, आणि नव्या शिक्षकांचे सराव पाठ बघायचं कामही बरीच वर्षं करते आहे. त्यावरून माझं मत असं झालंय की भाषेचा चांगला शिक्षक तो, ज्याला विद्यार्थ्याची चूक कुठून आली हे कळतं. ते कळायला अभ्यास लागतोच. आपल्याकडच्या पदवीत तो अभ्यास फार थोडा असतो, म्हणून पदवीवाले बरेच जण कमी पडतात. आणि पदवी नाही म्हणून हा अभ्यासच टाळणारेही तितकेच कमी पडतात.

एक चूक अगदी जवळून दाखवते. आठवीतली मुलगी वहीत लिहिते, "येस्टरडे आय हॅड गॉन टु कराड." बहुतेक शिक्षक "हॅड गॉन" खोडतात, वर लाल पेनानं "वेन्ट" लिहितात आणि पुढच्या वहीकडे वळतात. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पुन्हा "हॅड गॉन" लिहिते. मग "लक्ष नाही हिचं" असा शेरा येतो. तिचं लक्ष असतं. ती मराठीत विचार करते आणि मराठीत आपण "मी काल कराडला गेले होते" असंच म्हणतो. जाऊन आलो, गोष्ट संपली, हे सांगायचं असेल तर "होते" लागतंच. नुसतं "मी काल कराडला गेले" म्हटलं की ऐकणारा विचारतो, "बरं, मग?" म्हणजे तिच्या मराठीप्रमाणे ती बरोबर आहे. त्यात भर म्हणून तिला पाठ करायला दिलेल्या काळाच्या तक्त्यात "आय वेन्ट" समोर "मी गेले" आणि "आय हॅड गॉन" समोर "मी गेले होते" असं छापलेलं असतं. तिनं तक्ता इमानदारीनं वापरला.

हे एकदा कळलं की उपाय लाल पेनात नाही, हे दिसायला लागतं. तिला दोन घटना असलेलं वाक्य द्यायचं: मी स्टँडवर पोचले तेव्हा मिरजेची गाडी गेली होती. आधी काय झालं? गाडी गेली. नंतर काय झालं? मी पोचले. आधीच्याला "हॅड". आता कराडच्या वाक्यात किती घटना आहेत? एकच. मग "हॅड" कशाला? अशी चार-पाच वाक्यं स्टँड, दवाखाना, आठवडी बाजार यांवर करून घेतली की मुलं स्वतःहून "वेन्ट"वर येतात, आणि पुढे चुकलीच तर स्वतः दुरुस्त करतात.

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध. एम.ए.ला मी शेक्सपिअर वाचला, व्हिक्टोरियन कविता वाचली, समीक्षेचे सिद्धांत पाठ केले. त्यातलं साहित्य मला मनापासून आवडलं आणि आजही आवडतं. पण ही "हॅड गॉन"ची गाठ सोडवायला त्यातल्या एकाच पेपरचा उपयोग झाला, तो म्हणजे भाषाविज्ञानाचा. आवाज तोंडात कुठे तयार होतात, एका भाषेतली रचना दुसऱ्या भाषेत कशी झिरपते, हे तिथे पहिल्यांदा कळलं. त्या पेपरकडे तेव्हा आम्ही सगळे "स्कोअरिंग" म्हणून बघायचो. मराठी व्याकरण तर एम.ए. इंग्रजीत येतच नाही, आणि मराठी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्याला ते पावलोपावली लागतं.

म्हणजे पदवी निरुपयोगी, असं कृपा करून वाचू नका. "डिग्रीत काय ठेवलंय, भाषा यायला पाहिजे" हे वाक्य ऐकलं की मला दुसऱ्या बाजूनं चिंता वाटते. तुम्ही विट्याच्या, म्हणून तुमच्याच भागातलं सांगते. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेत. जिथे दुकान तिथली भाषा ते बोलतात, आणि झकास बोलतात. माझ्या नात्यातले एक मामा तमिळनाडूत आयुष्य काढून आलेत. तमिळ इतकी सफाईदार की तिथला माणूसही फसेल. गावाकडून नवा पोरगा दुकानावर न्यायचा ठरला की जायच्या आधी त्याला थोडी तमिळ शिकवायचं काम मामांकडे येतं. एकदा मी बाजूला बसून ऐकत होते. तमिळमध्ये "नाम" आणि "नांगळ" असे दोन शब्द आहेत. मामांनी पोराला सांगितलं, दोन्हीचा अर्थ "हम". पोरगा सारखा अडायचा, कुठे कोणता वापरायचा? मामांचं उत्तर एकच, "ते बोलून बोलून येतंय, असंच म्हणतात." ते स्वतः एकदाही चुकत नव्हते.

खरं तर तो पोरगा मराठी असल्यामुळे हे त्याला आधीपासूनच येत होतं. समोरच्याला धरून म्हणायचं तर "नाम", म्हणजे आपलं "आपण". समोरच्याला वगळून म्हणायचं तर "नांगळ", म्हणजे आपलं "आम्ही". हिंदीत आणि इंग्रजीत हा भेद नाही, मराठीत आणि तमिळमध्ये आहे. मामांनी मधे हिंदी घातली आणि सोपी गोष्ट अवघड झाली. मी हे तमिळच्या एका छोट्या व्याकरणात वाचलं होतं, म्हणून सांगू शकले; तमिळ मला बोलता येत नाही. भाषा येणं आणि भाषा कशी चालते हे माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवायला दोन्ही लागतात. तुमचं इंग्रजी अस्खलित आहे ही अर्धी तयारी झाली.

उरलेली अर्धी विद्यापीठातच मिळते का? नाही. माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला भाषाशिक्षक जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत होता, आणि त्यांच्याकडे बारावीनंतरचं डी.एड. होतं, पदवी नव्हती. तिकडे सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड बोलणारी पुष्कळ मुलं. ती मराठी बोलताना "माझा भाकरी, माझा पुस्तक, माझा घर" म्हणायची. मुलं मुद्दाम करत नव्हती. कन्नडात "नन्न रोट्टी, नन्न पुस्तक, नन्न मने", सगळीकडे "नन्न"च. पुढचा शब्द कोणताही असो, तो बदलत नाही. शिवाय कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे भाकरी स्त्रीलिंगी आणि डबा पुल्लिंगी का, हा प्रश्नच त्या मुलांच्या डोक्यात कधी आलेला नसतो.

गुरुजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते गावात राहिले, पोरांच्या आयांकडून कन्नड शिकले, आणि मग त्यांना दिसलं. त्यांनी वर्गाचे तीन कोपरे केले: एका कोपऱ्यात डबा, खडू, फळा, दुसऱ्यात भाकरी, वही, पाटी, तिसऱ्यात पुस्तक, दप्तर, पान. मुलं उठून वस्तू उचलायची आणि कोपऱ्याप्रमाणे "माझा, माझी, माझं" म्हणायची. नवी वस्तू आली की आधी ती कोणत्या कोपऱ्यातली यावर वर्गात भांडण. चुकलं म्हणून कुणी ओरडत नव्हतं. मी पाहिलेल्या कित्येक एम.ए. मराठी शिक्षकांना ही गोष्ट सुचली नसती, कारण त्यांना मुलांची घरची भाषा ऐकायचं कारणच पडलं नव्हतं.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला इथे कर्मवीर भाऊराव पाटील आठवतातच. त्यांच्याकडे विद्यापीठात शिकून मिळवलेली पदवी नव्हती. पुणे विद्यापीठानं १९५९ साली त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. लोक एवढंच सांगतात आणि "बघा, डिग्री लागत नाही" म्हणून मोकळे होतात. पण १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या याच माणसानं साताऱ्यात १९३५ साली खेड्यातल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, आणि पदवीचं शिवाजी कॉलेज त्यानंतर १९४७ साली. क्रम बघा. स्वतः पदवी नसलेल्या माणसानं शिक्षक तयार करण्याची सोय आधी केली, पदवी देण्याची नंतर. शिकवणं हे शिकून घ्यावं लागतं, यावर त्यांचा विश्वास होता. माझाही आहे.

हे शिकून घेणं म्हणजे काय, तर कुणीतरी तुमचा तास बघणं आणि नंतर तुमच्याशी बोलणं. बी.एड.मध्ये ते थोडंफार असतं. सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोटा सराव), सराव पाठ, टाचण (तासाचा लेखी आराखडा), मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक. आता दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा काळ, २० आठवड्यांचा आहे, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. मात्र निरीक्षक टाचणाचे रकाने तपासत बसले तर त्या आठवड्यांतून काही निघत नाही. बाहेरचं एक उदाहरण देते. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचा सेल्टा नावाचा कोर्स आहे, साधारण १२० तासांचा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवायचं, आणि ते प्रशिक्षक बसून बघतात. त्याला पदवीची सक्ती नाही. उलट दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाच्या व्हिसाला पदवी मागतात, पण ती कोणत्याही विषयातली चालते. तिथे पदवी ही गाळणी आहे. शिकवण्याशी तिचा संबंध नाही.

आपल्याकडेही नोकरीपुरता प्रश्न असाच आहे आणि तिथे वाद घालून उपयोग नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.), सहावी ते आठवीला पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हीकडे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा; कॉलेजात जायचं तर एम.ए. आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागणार आहे, आणि शाळाशाळांतल्या शिक्षक खोल्यांत सध्या त्याचीच चर्चा आहे. परीक्षा असायला माझी हरकत नाही. पण १५० बहुपर्यायी प्रश्नांच्या त्या पेपरात दोन भाषांचे ३०-३० प्रश्न असतात, आणि त्यातला एकही तुमचं बोलणं ऐकत नाही, मुलाची वही तुमच्यापुढे ठेवत नाही. भाषेच्या शिक्षकाची निवड अशी व्हावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरच्या क्लासला यातलं काहीच लागत नाही. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही शिकवणाऱ्याला किमान पदवी हवी एवढंच आहे, आणि ती तुमच्याकडे आहे.

मग तुम्ही काय करावं? एक वही करा. डाव्या पानावर मुलांची वाक्यं जशीच्या तशी, चुकांसकट. उजव्या पानावर त्याच वाक्याचं मराठी, मूल घरी म्हणेल तसं; पुस्तकी मराठी नको. महिनाभरात तुम्हाला दिसेल की वेगवेगळ्या वाटणाऱ्या चुका मोजक्याच मुळांतून येतात: मराठीत नसलेली "अ" आणि "द" ही इंग्रजी उपपदं, "मला सांगितलं"वरून आलेलं "टोल्ड टु मी", वर सांगितलेलं "हॅड". मग त्या मुळांवर तास आखा. मोबाईलवर स्वतःचा एक तास रेकॉर्ड करा आणि फक्त एवढं ऐका की तुम्ही किती बोलला आणि मुलं किती बोलली. नव्या शिक्षकांच्या तासाला मागे बसल्यावर मला पहिल्यांदा हेच खटकतं: स्पोकन इंग्लिशच्या तासात शिक्षकच बोलत असतो. एखाद्या अनुभवी शिक्षिकेला तासाला बोलवा, तिच्या तासाला तुम्ही जा. शाळेतलं मराठी व्याकरणाचं पुस्तक पुन्हा उघडा, प्रयोग आणि काळ नीट वाचा. उच्चारशास्त्राचं एखादं प्राथमिक पुस्तक घ्या आणि "व" नि "व्ह" आरशासमोर म्हणून बघा. ओठ आणि दात काय करतात हे दिसलं की मुलांना दाखवता येतं.

नातेवाइकांना काय सांगायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण पुढे शाळेत किंवा कॉलेजात नोकरी करायची थोडी जरी इच्छा असेल, तर एम.ए.ला बाहेरून का होईना प्रवेश घ्या, उशीर करू नका. वयाच्या आणि गुणांच्या अटी नंतर आडव्या येतात. आणि प्रवेश घेतलाच तर पेपर निवडताना भाषाविज्ञान आणि इंग्रजी अध्यापन हे दोन मिळत असतील तर सोडू नका, सोबतच्या मुली काहीही म्हणोत. ती चुकांची वही तेव्हाही चालू ठेवा, कारण त्या पेपरांतलं प्रत्येक प्रकरण वाचताना लागणारी उदाहरणं तुमच्याकडे आधीच लिहिलेली असतील.