जंताची गोळी: पुन्हा तेच प्रश्न

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, जंतनाशक दिन जवळ आला की पत्रं सुरू होतात. २०१५पासून गोळी वाटली जातेय, शंका मात्र त्याच.

गूळ-साखर खाऊन जंत होतात का?
नाही. दात किडतात.

मुलीने गोळी दप्तरातून घरी आणली. उपाशीपोटी द्यायची का?
तसा नियम नाही. गोळी शाळेतच, बाईंसमोर चावून खायची असते. त्या दिवशी ताप असेल तर थांबा, बरं वाटल्यावर आशाताईंना विचारून द्या.

मुलगा झोपेत दात खातो, गालावर पांढरे डाग आहेत. बाजारातून जंताचं चूर्ण आणलंय.
यावरून जंत ठरत नाहीत. पुडीवर घटक नाहीत, मात्रा नाही. अशी पुडी लेकराच्या तोंडात घालू नका. डाग डॉक्टरांना दाखवा.

फेब्रुवारीत गोळी दिली, जुलैत पुन्हा गांडुळासारखा जंत पडला. सरकारी गोळी बोगस असते का?
गोळीला दोष देणं सोपं असतं हो! गोळीतलं औषध, अल्बेंडाझोल, पोटातले जंत मारतं, परसातल्या मातीतली अंडी नाही. उघड्यावरच्या विष्ठेतून पडलेली ही अंडी दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. नखांतून, न धुतलेल्या गाजर-मुळ्यातून पोटात जातात. आकडेकृमी या दुसऱ्या जंताला तर पोटात जायला तोंडही लागत नाही. ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतूनच त्याची अळी आत शिरते, मग आतड्याला चिकटून रक्त पिते. घरोघर संडास झाले म्हणतात. मी पाहिलेल्या एकात गोवऱ्या रचल्या होत्या आणि पोरं टमरेल घेऊन ओढ्याकडे निघालेली. शाळेतला साबण कपाटात कुलूपबंद. असं असताना सहा महिन्यांत जंत परतणारच. गोळी चुकवू नका, पण चप्पल, साबण, संडास यांची जागा ती घेणार नाही. आता पडलेल्या जंतासाठी ऑगस्टची वाट न पाहता आरोग्य केंद्रात जा.

मुलगी फिकी पडलीय, माती खाते. आणखी एक गोळी देऊ?
मनाने नको. आधी हिमोग्लोबिन तपासा, याच आठवड्यात. रक्त कमी असेल तर लोहाची औषधं लागतील, आणि किती ते डॉक्टर ठरवतील. ‘परीक्षा झाल्यावर बघू’ हे ऐकून माझे कान किटलेत.

दीड वर्षाच्या बाळाला?
अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, कुटून पाण्यात. अंगणवाडीत देतात.

धाकट्याला पूर्वी फिट आली होती.
मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नाही. शाळेत बाईंनाही आधीच सांगून ठेवा.