मळ्यातला शेफर्ड, मोठा चेंडू आणि सहा हप्ते

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची केळी आणि कापसाची शेती आहे. दोन वर्षांच्या जर्मन शेफर्डसाठी ढकलण्याचा ६५ सें.मी.चा कव्हरवाला आयात चेंडू घ्यावा, असे मनात आहे. रोख किंमत ७,६०० रुपये आहे. ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर दरमहा १,४०० रुपयांप्रमाणे सहा हप्ते आणि २९९ रुपये प्रक्रिया शुल्क पडते. घ्यावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. कुत्र्याला काम हवे, ही आपली भावना अगदी योग्य आहे, कारण मेंढ्या वळणाऱ्या वाणाचा कुत्रा दिवसभर साखळीला राहिला की भुंकणे आणि खड्डे उकरणे यांतच आपली ताकद घालवतो. मात्र हप्त्यांचा मार्ग मी स्पष्टपणे नाकारतो. प्रक्रिया शुल्क व त्यावरील १८ टक्के जीएसटी धरून आपण ८,७५३ रुपये मोजाल, म्हणजे रोखीपेक्षा १,१५३ रुपये जास्त. आणि मुद्दल दर महिन्याला फिटत जात असल्यामुळे हा दर वर्षाला ५० टक्क्यांहून अधिक पडतो. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. शिवाय मे महिन्यात घेतलेल्या वस्तूचे हप्ते नेमके बियाणे, खते आणि मुलांच्या शाळेच्या खर्चात येऊन पडतील.

आता चेंडूविषयी. तो तोंडात धरता येऊ नये, नाकाने आणि खांद्यानेच ढकलावा लागावा, हे महत्त्वाचे. म्हणून हवेचा चेंडू साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीचा घेतात. आपल्या कुत्र्याची उंची आपण ६१ सें.मी. कळवली आहे, त्यामुळे ६५ सें.मी. हे माप बरोबर आहे. पण याच मापाचा व्यायामाचा चेंडू जळगावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात बऱ्याच कमी पैशांत मिळू शकतो, आणि जर्मनीत रुजलेल्या ट्रायबॉल या खेळात कुत्रे असेच चेंडू गोलमध्ये ढकलतात. त्यावर गावातल्या शिंप्याकडून जाड कॅनव्हासची खोळ शिवून घ्यावी, शिवण आत दडलेली असावी आणि चेन कुत्र्याच्या दातांना सापडू नये. उघड्या चेंडूचा लचका निघून पोटात गेला तर आतडे अडकू शकते, आणि त्या शस्त्रक्रियेपुढे चेंडूची किंमत काहीच नाही. खोळ फाटली की चेंडू लगेच उचलून ठेवावा.

कठीण प्लास्टिकचा चेंडू फुटत नाही, पण त्यावर दात झिजतात व नाक सोलवटते. शेजारी घरे असतील तर खडखडाटही सोसवत नाही. तरीही आपल्या वावरात बाभळीचे काटे आणि पऱ्हाटीचे खुंट फार असतील, तर मी तोच सुचवेन.

खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा खेळ फक्त पहाटे, दहा मिनिटे आणि पाण्याचे भांडे जवळ ठेवूनच घ्यावा. तापल्यावर हवा प्रसरण पावते, म्हणून चेंडू हातपंपाने थोडा कमीच भरावा आणि उन्हात टाकू नये. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात तो फिरणार नाही. खरा उपयोग दिवाळीनंतरच सुरू होईल.

म्हणून आत्ता साधा चेंडू आणि खोळ घ्या. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत कुत्र्याला त्याची गोडी लागली आणि खोळ वारंवार फाटू लागली, तर आयात चेंडू रोखीने घ्यायला माझी हरकत नाही. दरम्यान वाचलेल्या पैशांतून रेबीजच्या वार्षिक लसीचा खर्च मात्र आजच बाजूला काढा, कारण आपल्या पत्रातील खर्चाच्या यादीत तो दिसत नाही.