वाचक विचारतात : सूक्ष्मदर्शक कोणता, कशासाठी?

प्रश्न : ४० पटीच्या भिंगाखाली रंगवलेले जीवाणू ठिपक्यांसारखे दिसतात, पण १०० पटीचं भिंग लावलं की सगळंच धुरकट. भिंग गेलं का?

उत्तर : बहुधा नाही, तेल घालायचं राहिलं असेल. १०० पटीच्या भिंगावर ‘ऑइल’ असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. काचेतून हवेत येताना तिरपे किरण वाकून भिंगाबाहेर जातात आणि बारीक तपशील नेमका त्यांच्यातच असतो. इमर्शन ऑइलचा (भिंग आणि स्लाइडच्या मध्ये घालायच्या तेलाचा) अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, सुमारे १.५१५, जवळपास काचेइतकाच, म्हणून किरण न वाकता भिंगात शिरतात. खोबरेल वगैरे घालू नका.

आधी ४० वर फोकस करा. नोजपीस (भिंगं बसवलेली फिरती चकती) अर्धवट फिरवा, स्लाइडवर उजेड पडतो तिथे तेलाचा एक थेंब टाका आणि १०० चं भिंग त्यात येऊ द्या. पुढे फक्त बारीक स्क्रू. मोठा फिरवलात तर स्लाइड फुटेल. कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) वर घ्या, डायफ्रॅम (त्यातला उजेड कमी-जास्त करणारा पडदा) बराचसा उघडा. तरीही फोकस होत नसेल तर कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) तपासा. ती ०.१७ मिमी जाडीची हवी. पुष्कळदा दोन एकमेकींना चिकटून येतात आणि भिंग नमुन्यापर्यंत पोचतच नाही. तेल घातल्यावर ४० कडे परत जाऊ नका, ते भिंग तेलकट होतं. काम झालं की लेन्स पेपरने टिपून घ्या, घासू नका.

प्रश्न : जिवंत पेशी न रंगवता पाहायच्या आहेत. दिसतच नाहीत.

उत्तर : डायफ्रॅम थोडा मिटून पाहा, कडा उठून दिसतील, तपशील मात्र घटेल. रोजचंच काम असेल तर फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक घ्या. पेशीतून आलेला प्रकाश किंचित मागे पडतो, तो फरक हे यंत्र उजेड-अंधारात बदलतं. (याच शोधाला १९५३ चं नोबेल मिळालं.) चित्र फिकट आलं तर कंडेन्सरमधलं वलय सरकलेलं असतं. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून जुळवणीची दुर्बीण लावा आणि उजळ वलय भिंगातल्या काळ्या वलयावर नेमकं बसवा. जाड नमुन्याला ही पद्धत चालत नाही, सगळीकडे प्रभावळ दिसते.

प्रश्न : २० पटीचं आयपीस लावून २००० पट केलं तर विषाणू दिसतील?

उत्तर : नाही. चित्र मोठं होईल, इतकंच. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरा आणि भिंगावर कोरलेल्या एनएच्या (भिंग किती तिरपे किरण गोळा करतं त्याच्या आकड्याच्या), समजा १.२५ च्या, दुपटीने भागा. उत्तर २२० नॅनोमीटर. त्याहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत आणि फ्लूचा विषाणू १०० च्या आसपास असतो. एनएच्या हजारपटीपुढचं वर्धन निव्वळ फुगवटा. इथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. त्यात नमुना निर्वातात जातो, त्यामुळे जिवंत काही पाहण्याचा नाद सोडा.

प्रश्न : किड्यांचे पाय आणि सर्किट बोर्डावरचे सोल्डरचे जोड, दोन्हींसाठी एकच यंत्र चालेल?

उत्तर : चालेल. १० ते ४० पटीचा स्टिरिओ (दोन्ही डोळ्यांनी पाहायचा, खोली दाखवणारा सूक्ष्मदर्शक) घ्या, प्रकाश वरून द्या. भिंगाखाली साधारण १० सेंमी मोकळी जागा असलेलाच निवडा, नाहीतर सोल्डरिंग आयर्न आत जाणार नाही.