जुन्या पद्मिनीचं स्टीअरिंग जड झालंय आणि गाडी भरकटते. किंगपिनचा नवा सेट घालू, बुश मारून घेऊ, की मारुतीचा रॅक बसवू?

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी: पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती किंगपिन, ती ज्या नळीत फिरते तो बुश, आणि दोन्ही डबीत तयार मिळतात तो सेट. रॅक म्हणजे स्टीअरिंग बॉक्सच्या जागी बसणारी आडवी दातेरी पट्टी. रॅकचा विषय आधी संपवतो. नको.

रॅक सुचवणाऱ्या तुमच्या मित्राला विचारा, पुढचा क्रॉस मेंबर (गाडीच्या सांगाड्याची आडवी तुळई) कापून रॅक बसवल्यावर चाक खड्ड्यात वर-खाली होताना टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) किती बदलतो हे कोण मोजणार आहे? वेल्डिंगवाला? वर मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आहेच, कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. आणि तुमची गाडी १९७८ची म्हणता. २०२१ साली केंद्राने नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली, त्यात पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी बसते. तुमची २०२८ला पन्नाशीत येईल. इतकी वर्षं सांभाळली आणि आता थोडक्यासाठी तिचं नाक कापताय होय?

आता सेट की बुश. नुसतं एवढंच विचारलं असतं तर दोन ओळी लिहून मोकळा झालो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आमचा मेकॅनिक म्हणतो नवा सेट घातला की झालं, बुशबिश हे लेथवाल्यांचं पोट भरायचं काम.’ हे वाक्य ऐकत ऐकत मी घरातच म्हातारा झालोय.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांपासूनचा लेथ आहे, आयुष्य बुश, शॅफ्ट आणि पिनांत गेलं. थोरल्या भावाने लेथला हात लावला नाही, त्याने स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. म्हणजे झिजलेला भाग घेऊन माणूस आला की मी म्हणणार दुरुस्त होतो, दादा म्हणणार फेकून दे. दिवाळीच्या फराळाला हा वाद झाला नाही असं वर्ष आठवत नाही. दोघांच्या बायका आता चकली पुढे करायच्या आधी विचारतात, किंगपिनवर आलात का अजून?

दादाकडेही फियाटच होती. (कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडे १९७४ला नाव बदललं म्हणून कुणी हाक बदलली नाही.) स्टीअरिंग ढिलं झालं तसा त्याने स्वतःच्या दुकानातला किंगपिन सेट काढला आणि एका गॅरेजला बसवायला दिला. गॅरेजचं नाव घेत नाही, माणूस अजून रोज रस्त्यात भेटतो. माझ्याकडे आणली नाही, कारण आणली असती तर वाद हरल्यासारखं झालं असतं. काही महिने बरे गेले. मग स्टीअरिंग जड व्हायला लागलं. दादा म्हणाला, ‘नवं हाय, बसंल हळूहळू.’ बसलं नाही. रत्नागिरीला निघाला आणि आंबा घाटात उतरणीच्या वळणावर चाक वळवलं ते वळलेलंच राहिलं. चांगली गाडी वळणातून बाहेर पडताना स्टीअरिंग आपोआप सरळ होतं, हाताने फक्त सोडायचं असतं. दादाला दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागलं, आणि सरळ झालं ते जरा जास्तच. समोरून एसटी येत होती. वहिनी शेजारी होत्या. परत आल्यावर दादा काही बोलला नाही, वहिनींनीच फोन केला, ‘भावजी, गाडी तुमच्याकडं पाठवते, ह्यांना विचारू नका.’

जॅकवर घेतली आणि आधी ग्रीस गन लावली. वरच्या निपलला (ग्रीस भरायचं तोंड) दोन दाबांत जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर आलं, ठीक. खालच्या निपलला गन आडली. जोर केला तर ग्रीस निपलच्याच तोंडातून परत माझ्या बोटांवर. निपल काढून पाहिलं, साफ. तिथेच मला कळलं. पिन काढली तर वरचा अर्धा आरशासारखा आणि खालच्या अर्ध्यावर निळसर काळे चट्टे आणि नखाला लागतील असे ओरखडे. बुश बाहेर काढला. बुशला ग्रीस आत यायला भोक असतं, ते निपलच्या भोकासमोर यायला लागतं. हे भोक पार दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलं होतं. बुशची कड हातोडीने फुगलेली. म्हणजे प्रेस नाही, ड्रिफ्ट (बुश सरळ बसवायचा दांडा) नाही, ठेवला आणि ठोकला. पहिल्या दिवसापासून त्या बुशला ग्रीसचा थेंब मिळाला नव्हता.

हे मी दादाला दाखवलं. त्याने बुश हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, ‘ह्यात माझ्या सेटचा काय दोष? ठोकणाऱ्याचा दोष हाय.’

अर्धं खरं आहे. पण ठोकणाऱ्याने का ठोकला? कारण त्याला सांगितलेलं असतं की सेट तयार मापाचा आहे, घातला की झालं. कुठलाही बुश दाबून बसवला की त्याचं आतलं भोक थोडं आवळतं. पिन आत जात नाही. मग एक तर पिन ठोकून घालतात, नाहीतर पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून भोक ‘मोकळं’ करतात. दोन्ही पाप. बुश बसवल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापात आणणारं हत्यार) फिरवायचा असतो, आणि वरचा एक, खालचा एक असे सुटे सुटे नाही. लांब रीमर वरून घालून खालपर्यंत एका रेषेत, म्हणजे पिनेला दोन्ही बुश मिळून एकच भोक वाटलं पाहिजे. रीमर हाताने, एकाच दिशेने, बाहेर काढतानासुद्धा उलटा फिरवायचा नाही, नाहीतर धार जाते आणि भोकात ओरखडे पडतात. मी पिन आणि बुशमध्ये एक ते दीड थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट ठेवतो. मापाचं यंत्र नसलं तरी ओळखता येतं: पिनेला तेलाचं बोट फिरवा, वरच्या बुशमध्ये सोडा, ती स्वतःच्या वजनाने सावकाश उतरली पाहिजे. धपकन पडली तर सैल, अडली तर पुन्हा रीमर. दादाच्या गाडीची पिन मी वहिनींसमोर सोडून दाखवली. दादा बाहेर चहा प्यायला गेला होता.

आणि सेटच्या पिनांबद्दल. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या आसपास थांबलं, मुंबईत टॅक्सीच्या रूपातली शेवटचीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. एवढ्या टॅक्सी होत्या तोवर पार्टला गिऱ्हाईक होतं. आज जो सेट मिळतो त्यातला कुठला जुना शिल्लक चांगला माल आणि कुठला कुणी तरी लोखंडाच्या गजातून काढलेला, हे डबीवरून कळत नाही. कानस न्या सोबत. पिनेच्या टोकाकडे, जिथे बुश येत नाही तिथे, कानस हलकी ओढा. पिन कडक असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. चावली, चमकता ओरखडा पडला, तर ती पिन तुमच्या गाडीत घालू नका. दादाच्या दुकानात मी हे एकदा गिऱ्हाइकासमोर केलं, तेव्हापासून मला काउंटरच्या आत यायला बंदी आहे.

तुमच्या गाडीकडे येतो. तुम्ही म्हणता जड पण आहे आणि भरकटते पण. नुसते झिजलेले किंगपिन गाडी भरकटवतात, थरथरवतात, पण जड करत नाहीत. जड म्हणजे कुठेतरी कोरडं किंवा आवळलेलं आहे: ग्रीस न पोचलेला बुश, खालचा थ्रस्ट वॉशर (भार पेलणारी चकती) किंवा बेअरिंग खाल्लेलं, नाहीतर कुणीतरी स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळून ठेवलाय. हा शेवटचा प्रकार फार चालतो. वर्म (बॉक्समधला मळसूत्री दांडा) सगळ्यात जास्त मधोमध झिजतो, कारण गाडी सरळच जास्त चालते. मधला खेळ घालवायला स्क्रू पिळला की पूर्ण वळणाला दाते आवळतात. बॉक्समध्ये नव्वद नंबरचं ऑइल असतं, सील गळतं म्हणून त्यात ग्रीस भरणारे महाभागही आहेत, तेही बघा.

किंगपिन तपासायला पुढचं चाक उचला, घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवा. खेळ लागला तर आत कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, ते आवळणं किरकोळ काम. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन किंवा विशबोनचे (चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या हातांचे) बुश. कुठला सांधा हलतो ते हलवताना कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. तीन आणि नऊवर हलवून खेळ लागला तर टाय रॉडची टोकं आणि आयडलर आर्म, म्हणजे स्टीअरिंगचे चाकाकडे जाणारे सांधे. हे न बघता जो मेकॅनिक थेट सेट म्हणतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका. मला त्याच्याबद्दल एवढंच म्हणायचंय, कारण तो माझ्या दादासारखा बोलतो.

ग्रीस मारताना गाडी जॅकवर घ्या. चाक जमिनीवर असलं की भार एका बाजूला असतो आणि नेमकी तीच बाजू कोरडी राहते. मी हजार-दीड हजार किलोमीटरला मारतो, आणि पावसात पाण्यातून गाडी गेली की लगेच. आमच्याकडे पंचगंगा रस्त्यावर आली की त्या आठवड्यात ग्रीस गन खाली ठेवायला वेळ मिळत नाही.

आता थोडं माझ्याविरुद्ध. पिनेवर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर नुसते बुश मारून उपयोग नाही, पिन बदलायलाच लागते. पिन घासून बारीक करून छोट्या भोकाचा बुश घालणारेही आहेत, मी करत नाही. वरचा कडक थर पातळच असतो, घासत गेलात की मऊ पोलाद लागतं. हार्ड क्रोम करून ग्राइंड करता येतं, पण चांगली नवी पिन मिळत असेल तर ती घ्या. म्हणजे पिन नवी, बुश गनमेटलचा (तांबं-कथलाचा मिश्रधातू) लेथवर काढलेला, आणि स्टब एक्सल (चाक ज्यावर बसतं तो खुंट) जुनाच. दादा याला ‘म्हणजे सेटच की’ म्हणतो. नाही. सेटमधला बुश मी वापरत नाही.

स्टब एक्सलच्या कानांत बुश फिरून भोक अंड्यासारखं झालं असेल तर मोठ्या बाहेरमापाचा बुश काढावा लागतो, तेवढं चालतं. पण कानाला किंवा एक्सलच्या मुळाशी तडा असेल तर तो भाग मोडीत, वेल्डिंग अजिबात नाही. तडा बघायला भाग धुऊन रॉकेलमध्ये बुडवा, कोरडा पुसा, वरून खडू चोळा. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल थोड्या वेळाने खडूवर काळसर रेघ होऊन उमटतं. हे सगळं स्टीअरिंगचं काम आहे, यूट्यूब बघून अंगणात करू नका, जुना हात असलेला माणूस शोधा. हे आधी लिहायला हवं होतं, असू दे.

खर्चाचं मी सांगत नाही. गावागणिक मजुरी वेगळी आणि मी सांगितलेला आकडा तुमच्या मेकॅनिकला दाखवलात की तो मला शिव्या देणार. फक्त पावती करताना ‘बुश बसवून लांब रीमर मारणे’ ही ओळ वेगळी लिहून घ्या आणि काम चालू असताना तिथे थांबा. लेथवाला रीमर दाखवायला कां कूं करू लागला तर गाडी उचला. दादा, वाचतोयस ना? तुझ्या गाडीतला तो बुश माझ्या ड्रॉवरमध्येच आहे, दिवाळीला घेऊन येतो.